ताकोत्सुबो: नावात दावा किती, पुरावा किती?



पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" सारांश वाचून होतो, आकडे वहीत उतरवून होतात. पण समोरच्याने "या अभ्यासात कच्चं काय आहे?" असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आज एकच आजार घेऊ आणि त्यावरचं गाजलेलं संशोधन जरा कसून तपासू.

आजाराचं नाव ताकोत्सुबो सिंड्रोम. वर्तमानपत्रांत तो 'ब्रोकन हार्ट सिंड्रोम' म्हणून येतो. रुग्णाच्या छातीत दुखतं, धाप लागते, ईसीजी बिघडतो, रक्तात ट्रोपोनिन वाढतं. सगळं हार्ट अटॅकसारखं. पण अँजिओग्राफी केली की हा बिघाड समजावून सांगेल असा अडथळा रक्तवाहिन्यांत सापडत नाही. इकोमध्ये मात्र डाव्या कप्प्याचं खालचं टोक फुग्यासारखं फुगलेलं आणि हालचाल थांबलेलं दिसतं. काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते पुन्हा चालू लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. या आजाराच्या कारणांबद्दलचा पुरावा चांगला आहे, पण अपुरा आहे. उपचारांबद्दलचा पुरावा फारच कमजोर आहे. आणि दोन्हीकडे एकच मोठं भोक आहे: ज्या रुग्णाची अँजिओग्राफी झालीच नाही, तो या संशोधनात नाहीच. माझं गाव खर्डा, जामखेड तालुका. तिथून बघितलं की हे भोक लगेच दिसतं.

नावातले दावे वेगळे काढा

हा आजार पहिल्यांदा जपानमध्ये, हिरोशिमात ओळखला गेला. १९९० मध्ये हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी त्याला 'ताकोत्सुबो' म्हटलं. ताको म्हणजे ऑक्टोपस, त्सुबो म्हणजे मडकं. जपानी कोळी ऑक्टोपस धरायला अरुंद गळ्याचं, गोल बुडाचं मडकं समुद्रात सोडतात. आकुंचनाच्या वेळी हृदयाचा कप्पा तसाच दिसला, म्हणून हे नाव.

हे नाव मला आवडतं, कारण ते फक्त जे दिसलं तेवढंच सांगतं. नंतर आलेली नावं जास्त बोलतात. 'तणावामुळे होणारा हृदयस्नायूचा तात्पुरता बिघाड' हेच घ्या. 'हृदयस्नायूचा बिघाड' इकोवर डोळ्यांना दिसतो. 'तणावामुळे' हे कारणाबद्दलचं विधान आहे. 'तात्पुरता' हे पुढे काय होणार याबद्दलचं विधान आहे. म्हणजे एका नावात एक निरीक्षण आणि दोन दावे. कुठलाही पेपर हातात घेतला की पहिलं काम हेच करायचं: दिसलेलं काय आणि मानलेलं काय, हे वेगळं काढायचं.

दावा पहिला: 'तणावामुळे'

या दाव्याचा आधार म्हणून बहुतेक सगळे एक पेपर दाखवतात. २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या विटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९ रुग्णांची माहिती दिली. अचानक मोठा मानसिक धक्का बसल्यावर हृदय मंदावलेले हे रुग्ण. त्यातल्या १८ स्त्रिया, मध्यक वय ६३. त्यांच्या रक्तातलं ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन वगैरे कॅटेकोलामाइन्सचं प्रमाण निरोगी माणसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतं. आणि खऱ्या हार्ट अटॅकने हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांपेक्षाही ते दोन ते तीन पट जास्त होतं.

यात चांगलं काय आहे ते आधी बघू. तुलनेसाठी त्यांनी फक्त निरोगी माणसं घेतली नाहीत. कोणतंही हृदय फेल व्हायला लागलं की शरीर आपोआप ॲड्रेनॅलिन सोडतं. त्यामुळे 'ॲड्रेनॅलिन वाढलं म्हणून हृदय बिघडलं की हृदय बिघडलं म्हणून ॲड्रेनॅलिन वाढलं?' हा प्रश्न उभा राहतोच. तेवढंच कमकुवत हृदय असलेल्या हार्ट अटॅकच्या रुग्णांशी तुलना केल्यामुळे या प्रश्नाला निदान अर्धं उत्तर मिळतं. कंट्रोल कसा निवडावा, याचं हे उत्तम उदाहरण आहे.

आता कच्चं काय? एक, अशा तुलनेत हार्ट अटॅकचे रुग्ण होते फक्त ७. दोन, रक्त घेतलं ते आजार झाल्यानंतर. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: रुग्ण निवडलेच होते 'मानसिक धक्क्यानंतर' या अटीवर. जी गोष्ट निवडीची अट आहे, ती निष्कर्ष म्हणून बाहेर काढता येत नाही. हा पेपर 'धक्क्यानंतर असं होऊ शकतं' एवढं सांगतो. 'हा आजार धक्क्यामुळेच होतो' असं तो सांगत नाही, सांगू शकत नाही. शिवाय २००९ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाला त्यांच्या रुग्णांत अशी मोठी वाढ आढळली नाही. संदर्भ देताना बरेच जण पहिला पेपर देतात, दुसरा गाळतात.

पुढे २०१५ मध्ये त्याच नियतकालिकात टेम्पलिन आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. झुरिकहून चालणारी इंटरटाक नावाची रुग्णनोंद, युरोप आणि अमेरिकेतली २६ केंद्रं, १७५० रुग्ण. त्यातल्या ८९.८ टक्के स्त्रिया, सरासरी वय ६६.८. आता आजाराच्या आधी काय घडलं, ते बघा:

- शारीरिक कारण (शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, श्वासाचा त्रास वगैरे): ३६ टक्के
- मानसिक कारण: २७.७ टक्के
- दोन्ही: ७.८ टक्के
- काहीच सापडलं नाही: २८.५ टक्के

म्हणजे 'तुटलेलं हृदय' हे नाव ज्यांना धड लागू पडतं, ते एक तृतीयांशाच्या आसपास. जवळपास तेवढ्याच लोकांत कसलंच कारण सापडलेलं नाही. त्याच नोंदीतून २०१६ मध्ये आणखी एक गंमत पुढे आली. मानसिक कारण असलेल्या ४८५ जणांपैकी २० जणांना हा आजार आनंदाच्या प्रसंगानंतर झाला होता. तेव्हा 'दुःखाने हृदय तुटतं' हे वाक्य कवितेत शोभतं. प्रबंधात लिहिलं तर परीक्षक लाल पेन काढतील.

अजून एक अडचण आहे, आठवणीची. दवाखान्यात आलेल्या माणसाला 'गेल्या आठवड्यात काही टेन्शन होतं का?' असं विचारलं तर 'नाही' कोण म्हणेल? आमच्याकडे तर कांद्याचा भाव, सोसायटीचं कर्ज, लेकीचं लग्न, भावकीतला बांधाचा वाद, यातलं एक तरी प्रत्येक घरात असतंच. अँजिओग्राफीत ब्लॉक सापडला की डॉक्टर पुढे विचारत नाहीत. ब्लॉक नाही सापडला की कारण शोधत बसतात. मग 'तणाव' एकाच गटात जास्त सापडणारच. दोन्ही गटांना तोच प्रश्न, त्याच शब्दांत, अँजिओग्राफीचा निकाल कळायच्या आधी विचारला तरच तुलना खरी.

व्याख्या बदलली की पुरावाही बदलतो

हा मुद्दा विद्यार्थ्यांच्या हातून हमखास सुटतो. मेयो क्लिनिकचे जुने निकष वापरले तर फिओक्रोमोसायटोमा असलेला रुग्ण ताकोत्सुबोतून बाद होतो. फिओक्रोमोसायटोमा म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची अशी गाठ, जी स्वतःच कॅटेकोलामाइन्सचा पूर सोडते. गंमत बघा. सिद्धांत काय, तर हे रसायन जास्त झालं की हृदय फुगतं. आणि ज्या आजारात ते निश्चितपणे जास्त असतं, त्यालाच व्याख्येने दाराबाहेर ठेवलं! २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी ही चूक सुधारली आणि त्या गाठीला कारणांच्या यादीत घेतलं. रक्तवाहिनीत ब्लॉक आहे म्हणून ताकोत्सुबो नाहीच, असंही आता धरत नाहीत. तेव्हा २००८ चा आणि २०२० चा पेपर शेजारी ठेवताना दोघांनी कुठल्या निकषाने रुग्ण मोजले, हे आधी बघा. नाहीतर आंबा आणि कैरी एकाच तागडीत तोलल्यासारखं होईल.

आता गुणांची पद्धत बघू. २०१७ मध्ये निदानासाठी इंटरटाक स्कोअर आला. स्त्री असल्यास २५ गुण, मानसिक कारणाला २४, शारीरिक कारणाला १३, ईसीजीत एसटी डिप्रेशन नसल्यास १२, मानसिक आजाराला ११, मेंदूच्या आजाराला ९, क्यूटीसी लांबलेलं असल्यास ६. एकूण १००. सोपं आहे, खाटेजवळ उभं राहून मोजता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

पण जरा हिशेब करून बघा. समजा घरात मृत्यू झाला आणि त्या धक्क्याने बहीण-भाऊ दोघांच्याही छातीत दुखू लागलं. ईसीजी दोघांचा सारखा, एसटी डिप्रेशन नाही. बहिणीला २५, २४ आणि १२ मिळून ६१. भावाला ३६. दुःख तेच, ईसीजी तोच, पण भावाचा संशय डॉक्टरांच्या मनात येण्याआधीच मावळतो. स्कोअर चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. आधी सापडलेल्या रुग्णांत स्त्रिया जास्त होत्या, म्हणून स्त्रीला गुण जास्त. पण आता याच स्कोअरने नवे रुग्ण शोधले तर पुन्हा स्त्रियाच जास्त सापडतील, आणि आपण म्हणू, 'बघा, आधीचा निष्कर्ष पक्का झाला.' कुंपणाच्या आतच शोधायचं आणि बाहेर काही नाही असं सांगायचं, त्यातला हा प्रकार. पुरुषांत हा आजार कमी, पण झाला तर शारीरिक कारणाने जास्त आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त, असं याच नोंदींतून दिसतं. म्हणजे ज्याला गुण कमी, त्याचाच धोका मोठा.

उंदीर काय सांगतो, महाडचा विंचू काय सांगतो

ॲड्रेनॅलिनने टोकच का फुगतं, सगळं हृदय का नाही? याचं सर्वात नेटकं उत्तर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दिलं. हृदयाच्या टोकाकडे बीटा-२ रिसेप्टर जास्त असतात. नेहमीच्या पातळीला ॲड्रेनॅलिन त्यांना 'जोरात आकुंचन पाव' असा निरोप देतं. पण पातळी अतोनात वाढली की तोच रिसेप्टर आतली जोडणी बदलतो आणि उलटा निरोप देतो, 'थांब'. हृदयाला रसायनाच्या माऱ्यापासून वाचवायची ही सोय असावी, असा त्यांचा तर्क. उंदरांना ॲड्रेनॅलिनचा मोठा डोस दिल्यावर टोक मंदावलं, नॉरॲड्रेनॅलिनने तसं झालं नाही.

प्रयोग सुंदर आहे. पण उंदराला शिरेतून एका दमात दिलेला डोस आणि माणसाच्या शरीरात उठलेलं वादळ यांत फरक आहे. मग माणसात असा प्रयोग कुठे सापडेल? मुद्दाम तर करता येणार नाही. पण निसर्गाने तो केलेला आहे, आणि त्याचा सर्वात चांगला अभ्यास आपल्या महाराष्ट्रात झाला आहे.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या बंद होऊ देत नाही. मज्जातंतूंची टोकं कॅटेकोलामाइन्स ओतत राहतात. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, रक्तदाब आधी चढतो मग कोसळतो, हृदय मंदावतं, फुप्फुसात पाणी भरतं. सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्ण तासातासाला बघून नोंदवले. १९८२ मध्ये ती लक्षणं लॅन्सेटमध्ये छापून आली. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग मांडला. विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण त्यानंतर दोन आकडी टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण आपल्यासाठी त्यांच्या कामाचं मोल वेगळं आहे: प्रश्न सरळ, घटना नक्की, वेळ नक्की.

तुलना करा. ताकोत्सुबोत 'कारण' रुग्णाच्या आठवणीतून येतं. विंचूदंशात दंशाची खूण आणि वेळ दोन्ही हातात असतात. कॅटेकोलामाइन्सचा पूर माणसाचं हृदय काही काळ मंद करू शकतो, याबद्दल विंचवाने शंकाच ठेवलेली नाही. विंचूदंशानंतर हुबेहूब ताकोत्सुबोसारखं हृदय दिसल्याचे रुग्णही वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत.

पण हाच विंचू सिद्धांताला अडचणीतही आणतो. विंचू चावल्यावर लहान मुलंही गंभीर होतात, शेतात राबणारे तरणे गडीही होतात. पाळी गेलेल्या स्त्रियांचाच हा आजार, असं तिथे काही दिसत नाही. मग ताकोत्सुबोत दहापैकी नऊ स्त्रिया का? रसायनाचा पूर एवढंच कारण पुरेसं असतं, तर असं व्हायला नको होतं. म्हणजे पूर हवाच, पण सोबत आणखी काहीतरी हवं. इस्ट्रोजेन कमी होणं हा एक उमेदवार आहे. अंडाशय काढलेल्या उंदरांच्या माद्यांना इस्ट्रोजेन दिल्यावर तणावाचा हृदयावरचा परिणाम कमी झाल्याचं जपानी प्रयोगांत दिसलं आहे. मेंदूतल्या भावनांशी संबंधित भागांच्या जोडण्या हा दुसरा. आणि निदानातला पक्षपात, जो वर बघितला, हा तिसरा. हे तिन्ही उमेदवार एकाच वेळी खरे असू शकतात.

दावा दुसरा: 'तात्पुरता'

इकोत पंपिंग पूर्ववत झालं की रुग्णाला सांगितलं जातं, 'आता सगळं नॉर्मल आहे.' २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या गटाने आजाराला वर्ष उलटून गेलेले ३७ रुग्ण पुन्हा तपासले आणि तेवढ्याच जुळत्या निरोगी लोकांशी तुलना केली. पंपिंगचा आकडा ठीक होता, पण व्यायामाची क्षमता कमी होती, आणि हृदयाची रचना व ऊर्जा यांत फरक टिकून होते. १७५० रुग्णांच्या नोंदीतही पहिल्या ३० दिवसांत ५.९ टक्के मृत्यू आहेत, आणि पुढे दर रुग्ण-वर्षाला ५.६ टक्के. हे काही 'येऊन गेला' म्हणण्यासारखं नाही. अर्थात यातले बरेच रुग्ण वयस्क आणि आधीच आजारी असतात, त्यामुळे सगळे मृत्यू ताकोत्सुबोच्या खात्यावर टाकणंही चूक. पण 'तात्पुरता' हा शब्द इकोच्या एका आकड्याबद्दल खरा आहे, माणसाबद्दल नाही.

उपचार: तर्क भक्कम, चाचणी नाही

सुरुवातीचे उपचार आधार देणारे असतात. ऑक्सिजन, फुप्फुसात पाणी असेल तर ते उतरवणारी औषधं, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष, कप्प्यात गुठळी दिसली तर रक्त पातळ करणारी औषधं. एक धोका मात्र तर्कातूनच कळतो. काही रुग्णांत टोक फुगलेलं आणि वरचा भाग जोरात आवळणारा असल्याने रक्त बाहेर जायची वाटच अरुंद होते. तिथे रक्तदाब पडला म्हणून डोब्युटामिन किंवा ॲड्रेनॅलिन दिलं तर आगीत तेल. म्हणून इको केल्याशिवाय ही औषधं चालू करू नयेत, असं तज्ज्ञ सांगतात.

आता नंतरची औषधं. ॲड्रेनॅलिनमुळे होतं, तर बीटा-ब्लॉकर द्या, हा तर्क कुणालाही पटेल. पण २०१५ च्या नोंदीत बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना वर्षभरात जगण्याचा फायदा दिसला नाही. एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी घेणाऱ्यांना दिसला. २०२२ मध्ये इटलीतल्या रुग्णनोंदींवरून नेमकं उलट आलं: बीटा-ब्लॉकर घेणारे जास्त जगले. कोण खरं? दोन्ही अभ्यासांत कुणाला कुठली गोळी द्यायची हे डॉक्टरांनी ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नाही. ज्याचा रक्तदाब बरा आहे, मूत्रपिंड ठीक आहे, त्यालाच एसीई इन्हिबिटर मिळतं. मग तो जगला तो गोळीमुळे, की मुळातच बरा होता म्हणून? नोंदी कितीही मोठ्या असोत, हा प्रश्न त्या सोडवू शकत नाहीत. रुग्णांची संख्या वाढवली की योगायोग कमी होतो, पक्षपात नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

यादृच्छिक चाचण्या आता कुठे सुरू झाल्यात. २०२५ मध्ये माद्रिदच्या युरोपियन हृदयरोग परिषदेत ॲबर्डीनच्याच गटाने ७६ रुग्णांची चाचणी मांडली: एका गटाला बारा आठवडे समुपदेशनाची ठरावीक पद्धत, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. पहिल्या दोन्ही गटांत हृदयाची ऊर्जा आणि चालण्याची क्षमता सुधारली. दिशा आशादायक आहे. पण समुपदेशन घेणाऱ्याला आपण ते घेतोय हे कळतंच, आणि मोजलेली गोष्ट मृत्यू किंवा पुन्हा होणारा आजार नाही. ७६ माणसांत ते मोजताही आलं नसतं.

इथे पुन्हा महाडकडे बघा. २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने बीएमजेमध्ये ७० विंचूदंश रुग्णांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. प्रॅझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्रॅझोसिनवरच्या ३५ पैकी ८. यातही उणिवा आहेत: केंद्र एकच, कुणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत, आणि मोजलं ते लवकर बरं होणं. पण ७० रुग्णांत एवढं स्पष्ट उत्तर का मिळालं? कारण प्रश्न छोटा होता आणि रुग्णांची विभागणी चिठ्ठीने झाली होती. १७५० रुग्णांच्या नोंदीला जे जमलं नाही, ते तालुक्याच्या दवाखान्यात जमलं.

मात्र एक सावधगिरी. 'दोन्हीकडे कॅटेकोलामाइन्स, मग ताकोत्सुबोतही प्रॅझोसिन देऊ' अशी उडी मारू नका. ज्या रुग्णात रक्त बाहेर जायची वाट अरुंद झालीय, त्याच्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर परिस्थिती बिघडू शकते. साधर्म्यातून प्रश्न सुचतो, औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

खर्ड्याहून बघताना

खर्डा म्हटलं की लोकांना १७९५ ची निजामाबरोबरची लढाई आणि किल्ला आठवतो. मला त्याचं नकाशावरचं स्थान महत्त्वाचं वाटतं: जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, एका बाजूला धाराशिव, दुसऱ्या बाजूला बीड. अहिल्यानगर शंभरेक किलोमीटर. इथल्या साठीच्या बाईच्या छातीत रात्री दुखू लागलं तर काय होतं? आधी घरातच सोडा, ओवा, बाम. मग गावातला दवाखाना, ईसीजी, जामखेड. ईसीजीत एसटी वर दिसलं तर डॉक्टर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि पुढे पाठवतात. हे अगदी बरोबर आहे. अशा रुग्णांत ताकोत्सुबो असतो शंभरात एखाद-दुसरा, स्त्रियांत थोडा जास्त. बाकी सगळे खरे हार्ट अटॅक. म्हणून एक गोष्ट ठासून सांगते: 'बाईमाणूस आहे, टेन्शनने होत असेल' म्हणून थांबणं हा या आजाराच्या ज्ञानाचा सर्वात वाईट उपयोग होईल. ताकोत्सुबो हे निदान हार्ट अटॅक नाही हे सिद्ध झाल्यावरच करायचं असतं.

पण संशोधक म्हणून पुढे बघा. दोन-तीन दिवसांनी मोठ्या शहरात अँजिओग्राफी होते, रक्तवाहिन्या मोकळ्या सापडतात. फाइलवर येतं, 'इंजेक्शनने गुठळी विरघळली.' असेलही. पण ताकोत्सुबो असता तरी हेच दिसलं असतं! त्यात पैशाअभावी अँजिओग्राफी टळली तर प्रश्नच मिटला. म्हणजे आपल्या भागातला ताकोत्सुबो असला तरी तो हार्ट अटॅकच्या रकान्यात जाऊन बसतो. मग कुणी म्हणतं, 'हा पाश्चात्त्य, शहरी बायकांचा आजार.' मोजलाच नाही तो 'नाही' कसा?

२००४ मध्ये जपानच्या निगाता भागात भूकंप झाला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी केंद्राजवळच्या भागात ताकोत्सुबोचे रुग्ण वाढल्याचं नोंदवलं. त्यांना ते दिसलं, कारण आजार माहीत होता आणि इको, अँजिओग्राफी जवळ होती. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं. दुःख कमी नव्हतं, पण तेव्हा हा आजार जपानबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता आणि किल्लारी-सास्तूरच्या आसपास अँजिओग्राफीची सोय नव्हती. फरक हृदयांत होता की मोजणाऱ्या हातांत, हा प्रश्न विचारल्याशिवाय दोन प्रदेशांची तुलना करू नये.

मग करायचं काय?

तुमच्यापैकी कुणाला या विषयावर काम करायचं असेल तर 'ताकोत्सुबोची कारणे: एक अभ्यास' असा विषय घेऊ नका. तो पीएचडीत संपणारा नाही. छोटा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ: ग्रामीण भागात गुठळीचं इंजेक्शन मिळालेल्या आणि नंतर रक्तवाहिन्या मोकळ्या सापडलेल्या रुग्णांपैकी किती जणांच्या इकोत पहिल्या दोन दिवसांत टोक फुगलेलं दिसतं, आणि सहा आठवड्यांनी किती जणांचं पूर्ववत होतं? स्त्री-पुरुष दोघेही घ्या. तणावाचा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारा, निकाल कळायच्या आधी. इको बघणाऱ्याला रुग्णाची गोष्ट सांगू नका. आता खिशात मावणारी इको यंत्रं आली आहेत, त्यामुळे हे अशक्य नाही.

आणि गोष्ट विचारायला कोण जाईल? आमच्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या, बहुतेक कमी शिकलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरांसमोर 'काही नाही हो' म्हणणारी बाई ओळखीच्या कार्यकर्तीशी चुलीजवळ बसून मोकळं बोलते. तणावाची नोंद विश्वासार्ह हवी असेल तर प्रश्नावलीइतकाच विचार प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा करावा लागतो.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा हे चार प्रश्न समासात लिहा. नावात दावा किती आहे? रुग्ण कुठल्या अटीवर निवडले? व्याख्या त्याच वर्षी बदललेली तर नाही ना? आणि या तक्त्यात येऊच शकला नसता, असा रुग्ण कोण? चौथ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा तो आपल्याच गावच्या एसटी स्टँडवर, पुढच्या दवाखान्याच्या गाडीची वाट बघत बसलेला असतो.